दोन देवांचा राजा

१

पाळक ज्ञानबांनी कचेरीतली काचेची पेटी उघडली तेव्हा आत नाणं नव्हतं. नाण्याखाली अंथरलेला लाल मखमलीचा तुकडाही नव्हता. कुलूप मात्र जागच्या जागी होतं आणि किल्ली रोजच्या खिळ्याला लटकत होती. घेणाऱ्यानं शिस्तीत पेटी उघडली होती, शिस्तीत बंद केली होती आणि जाताना किल्लीही परत टांगली होती.

नाणं सोन्याचं असतं तर गोष्ट वेगळी. हे तांब्याचं, मातीत राहून काळं पडलेलं, बोहारणीनंसुद्धा नाक मुरडलं असतं असं. पण त्या आठवड्यात सोलापुरात गिरणीच्या भोंग्याखालोखाल त्याचाच गवगवा होता. नाण्याच्या एका बाजूला रोमचा बादशहा कॉन्स्टंटाईन होता आणि दुसऱ्या बाजूला डोक्याभोवती किरणं असलेला सूर्यदेव.

हा बादशहा म्हणजे ख्रिस्ती झालेला रोमचा पहिला सम्राट. लढाईच्या तोंडावर त्याला आकाशात क्रूस दिसला, लढाई जिंकली आणि त्यानं येशूचा धर्म धरला, असं मिशनच्या शाळेतली मुलं घोकत. निंगप्पा वकिलांनी वर्तमानपत्रातून सवाल टाकला होता: क्रूस दिसल्यानंतरही पुढं कित्येक वर्षं बादशहाच्या नाण्यांवर सूर्यदेव कसा? बाप्तिस्मा घेतला तोही मरणाच्या खाटेवर. याला धर्मांतर म्हणायचं की राजकारण? मिशननं उत्तर द्यावं. पाळकांनी सवाल उचलला. शनिवारी संध्याकाळी मिशनच्या हॉलमध्ये वादसभा ठरली, नाणं सर्वांना दाखवायचं ठरलं, आणि शनिवारीच सकाळी नाणं गुल.

पाळकांनी पोलिसांना कळवलं नाही. त्यांनी महिपतरावांना बोलावलं. महिपतराव म्हणजे पेन्शनीत निघालेले फौजदार. जातीचे मराठे, मिशीचे करडे आणि तळ्याकाठी रोज फिरताना पाळकांशी देवाधर्मावर भांडणारे. भांडण संपलं की दोघं एकाच टपरीवर चहा पीत.

"चोर सापडलाय असं चर्चच्या मंडळीतले सगळे म्हणतात," पाळक म्हणाले. "त्याच्या झोपडीत मखमल मिळाली. मोठे पाद्रीसाहेब दुपारच्या गाडीनं येतायत. ते आले की त्याला पोलिसांत द्यायचं ठरलंय."

"मग मला कशाला बोलावलंत? गावजेवण उरकल्यावर आचाऱ्याला?"

"त्याचा उद्या बाप्तिस्मा आहे, महिपतराव. मला खात्री हवी."

"नाव काय त्याचं?"

"मायाप्पा. मैंदर्गीकडचा धनगर. शाळेत घंटा देतो, बाग बघतो. नाणं त्यालाच सापडलं होतं आणि त्यानंच ते मिशनला दिलं."

महिपतरावांनी चहाचा कप खाली ठेवला. हा मायाप्पा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. चराईच्या भांडणात कुऱ्हाडीनं एका माणसाचा पाय कायमचा अधू करणाऱ्या मायाप्पाला बेड्या त्यांनीच घातल्या होत्या.

२

मायाप्पाला शाळेच्या कोठीत कोंडलं होतं. महिपतराव आधी त्याच्या झोपडीकडं गेले. मिशनच्या आवाराच्या कडेला, विहिरीपलीकडं ती झोपडी होती, आणि दाराला कुलूप तर सोडाच, कडीही नव्हती.

आत मायाप्पाची बायको मायाक्का चुलीपाशी बसली होती. नवरा ख्रिस्ती व्हायला निघाला तरी तिनं आपला देव सोडला नव्हता, आणि नवऱ्यानंही तिला कधी सोड म्हटलं नव्हतं. मंडळीतल्या पुष्कळांना ते खटकत होतं.

भिंतीतल्या देवळीत तो लाल मखमलीचा तुकडा होता. त्यावर भंडाऱ्याची मूठभर पिवळीधमक रास आणि पुढं एक पणती. पणतीची वात तेलानं अजून ओली होती. नाणं मात्र झोपडी उकरूनही मिळालं नव्हतं. मंडळीचा तर्क सरळ होता: किरणांचा देव म्हणजे सूर्य, सूर्य म्हणजे मार्तंड आणि मार्तंड म्हणजे धनगराचा खंडोबा. दिलेल्या नाण्यात आपला देव आहे असं कळलं तसं मायाप्पाचं मन पालटलं, त्यानं ते परत चोरलं, पुजलं आणि कुठंतरी पुरलं.

"हे कधी मांडलं?" महिपतरावांनी विचारलं.

"मला ठावं न्हाय. मी सकाळी हिरीवर गेल्ती, हे घंटंला. माघारी आले तर ही सगळी मानसं घरात."

कोपऱ्यात एक वेताची पाटी पालथी घातलेली होती. महिपतराव वाकले.

"तिला हात लावू नगा," मायाक्का एकदम म्हणाली. "आत माझं देव हायती. शोधून झालं त्यांचं."

"देव पाटीखाली? मग देवळीत दिवा कुणासमोर लावलास?"

ती चुलीकडं वळली. चुलीवरच्या भांड्यात पांढरंफटक कालवण शिजत होतं. महिपतरावांचा घसा कोरडा पडला होता. त्यांनी पाणी मागितलं.

"आमच्या घरचं पानी तुमी पिऊ नगा, सायेब."

महिपतरावांनी मान हलवली. नवऱ्याला बेड्या घालणाऱ्याला कोण पाणी पाजेल? त्यांना राग आला नाही, वाईट मात्र वाटलं. ते बाहेर पडले, पण त्या झोपडीतलं काहीतरी दातात अडकलेल्या सुपारीसारखं त्यांना सलत राहिलं.

३

मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका वच्छलाबाई शिवणाच्या वर्गात एकट्याच बसल्या होत्या. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती. जन्म आवारातला, शिक्षण नगरच्या मिशनमधलं. मायाप्पा त्यांच्याच हाताखाली काम करी आणि कोठीची किल्ली त्यांच्याच कमरेला होती.

"मला नवल नाही वाटलं," त्या म्हणाल्या. "तुरुंगात पाद्री भेटले, बाहेर आल्यावर मिशननं काम दिलं, म्हणून हा ख्रिस्ती व्हायला निघाला. पोटासाठी धरलेला धर्म पोटाइतकाच टिकतो, फौजदारसाहेब."

"पण आजच का चोरावं त्यानं?"

"त्याचा चुलता वारला ना. निंगप्पा वकिलांकडून निरोप आला तो मीच त्याला सांगितला, गावी जायला रजाही मीच दिली. परत आला तो तोंड पाडूनच. दुःखात माणूस देवाकडेच धावतो. त्याला आपला जुना देव आठवला, दुसरं काय?"

"नाणं गेलं म्हणजे वादसभा बारगळणार."

"बारगळू दे की," त्या झटक्यात म्हणाल्या आणि लगेच आवाज खाली आणला. "म्हणजे, पाळकांना त्रास कमी होईल एवढंच. आपला धर्म एका तांब्याच्या तुकड्यावर का पारखायचा?"

त्यांची सुई कापडात भराभर चालली होती. महिपतराव दाराशी थांबले. त्यांना पुन्हा ते सलणं जाणवलं, या वेळी जरा जास्तच, पण बोट ठेवता येईना.

४

निंगप्पा वकील घराच्या ओट्यावर येरझाऱ्या घालत होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडाला पट्टा. नाणं सापडलं ती मैंदर्गीची जमीन त्यांची, त्यामुळं संशयाची सुई त्यांच्याकडंही वळत होती.

"मी चोरीन?" ते ओरडले. "अहो, त्या नाण्यावर माझा सगळा वाद उभा आहे! नुसतं पुस्तकातलं बोललो तर पाळक म्हणतील, पुस्तक लिहिणारा नास्तिक होता. नाणं कधी नास्तिक असतं का? मला ते हॉलमध्ये, लोकांच्या हातात पाहिजे."

"पण जमीन तुमची, म्हणजे नाणंही तुमचं, असं तुम्ही म्हणाला होतात."

"म्हणालो होतो, आणि वाद जिंकल्यावर पुन्हा म्हणणार. पण आधी वाद."

माणूस भांडकुदळ होता, पण खोटा वाटत नव्हता. महिपतराव उठले.

"मायाप्पाला सोडवा, फौजदार," वकील मागून म्हणाले. "तो असलं करणार नाही. त्याच्या घरची आधीच काय दशा आहे बघा. चुलत्याचा अजून दहावा व्हायचाय. आमच्या लिंगायतांत सुतक पाळत नाहीत, पण या धनगरांचं फार कडक. लहानपणी त्यांच्या वाड्यावर जायचो, तर असल्या दिवसांत फोडणीचा वाससुद्धा यायचा नाही."

महिपतरावांचा एक पाय पायरीवर आणि एक ओट्यावर तसाच राहिला. फोडणी नाही. कालवणात हळद नाही. देव पाटीखाली. आपल्या घरचं पाणी पाहुण्याला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी वडील वारले तेव्हा हेच सगळं झालं होतं, आणि तरी त्या झोपडीत उभं राहून ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते स्वतःवरच चरफडले आणि टांगा करून मिशनकडं निघाले.

५

कोठीत मायाप्पा ज्वारीच्या पोत्याला टेकून बसला होता. महिपतरावांना पाहून तो उठला, नमस्कार केला आणि पुन्हा बसला.

"घरात सुतक आहे ना, मायाप्पा?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "कुनी सांगितलं? मायाक्कानं?"

"तिनं तोंड उघडलं नाही. तूच बजावलं असशील. अरे बाबा, सुतकात देवाला कोण हात लावतो? भंडारा कोण उधळतो? एवढं सांगितलं असतंस तर सकाळीच सुटला असतास की!"

"सुटलो असतो, सायेब. पन उद्याचं पानी डोक्यावर पडलं नसतं." मायाप्पा म्हणाला. "हितली मानसं म्हनली असती, बघा, हा अजून सुतक पाळतोय, याचा येशू खोटा. मी न्हाय मानत सुतक. पन चुलत्यानं मला लहानाचा मोठा केला आन बायकू दहा दिस बिनहळदीचं खाती. तिच्यासमोर मी काय वायलं शिजवून खाऊ व्हय? बसलो तिच्या संगं."

"तुरुंगात जाशील, वेड्या."

"तुरुंग मी बघितलाय. तुमीच दावला की. ज्याचा पाय मी तोडला त्यो मानूस अजून माझ्या झोपंत लंगडत येतो. तितं तुरुंगात पयल्यांदा कुनीतरी म्हनलं, तुला बी माफी हाय. लई वर्सं वाट बघितली मी ह्या उद्याची. सायेब, पाया पडतो, सुतकाचं बोलू नगा."

महिपतराव कोठीतून बाहेर आले ते अवघडूनच. बोलावं तर माणसाचा बाप्तिस्मा जातो, न बोलावं तर माणूसच जातो. पाद्रीसाहेबांची गाडी यायला फार अवकाश नव्हता. आणि खरा चोर अजून मोकळाच होता.

ते पाळकांकडं गेले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. "तुमच्या घरी कुणी वारलं तेव्हा तुमची आई देवांचं काय करायची?"

पाळक विसाव्या वर्षी ख्रिस्ती झालेले. त्याआधीचं आयुष्य ते क्वचितच बोलत. "टोपलीखाली झाकून ठेवायची," ते म्हणाले. "मी लहान होतो. एवढ्या रडारडीत देवालाच का लपवता, असं विचारलं म्हणून चापट खाल्ली होती." मग ते थबकले. "अरे देवा. मायाप्पाच्या घरी सुतक असणार. आणि आपण तिथं दिवा बघून त्याला कोंडलं!"

"तुम्हाला चुलता वारल्याचं माहीत नव्हतं?"

"गावी गेला होता एवढंच ठाऊक. का गेला ते मला कुणी सांगितलंच नाही."

"सुतक पाळणाऱ्याला बाप्तिस्मा द्याल?"

"आईच्या दहाव्याला मी गेलो नव्हतो," पाळक म्हणाले. "नव्या धर्माचा ताठा होता. गेलो असतो तर येशूचं काय बिघडलं असतं, हे मला अजून कळलेलं नाही. देईन. मंडळीला मी बघून घेईन."

६

वच्छलाबाई अजून शिवणाच्या वर्गातच होत्या. महिपतरावांनी दार लोटून घेतलं आणि विद्यार्थिनीच्या बाकावर ऐसपैस बसले.

"बाई, एक कोडं सोडवा. चोर सापडावा पण नाणं सापडू नये, असं कुणाला वाटेल? मखमल देवळीत ठेवणाऱ्यानं नाणंही तिथंच ठेवलं असतं तर पुरावा पक्का झाला असता. त्यानं ठेवलं नाही, कारण नाणं सापडलं तर ते संध्याकाळी हॉलमध्ये गेलं असतं. म्हणजे वकील सुटले. त्यांना नाणं हवंच होतं."

वच्छलाबाईंनी सुई खाली ठेवली नाही.

"मायाप्पाही सुटला. त्याच्या घरात सुतक आहे. ते घर मनानं हिंदू असेल तर या दिवसांत तिथं देवाला दिवा लागायचा नाही. आणि ख्रिस्ती असेल तर मग देवळीशी त्याचं काम काय? कुठूनही बघा, तो दिवा त्या घरातला नव्हे. बाहेरून आणून ठेवला. बायको विहिरीवर, नवरा घंटेला, दाराला कडी नाही. कितीसा वेळ लागतो?"

"पाळकांनासुद्धा सभा नकोशी झाली असेल," बाई कोरड्या आवाजात म्हणाल्या.

"असेल. पण त्यांना चुलत्याचं कळलं असतं तर त्यांनी अशा घरात दिवा लावला नसता. आईनं झाकलेले देव त्यांच्या डोळ्यांसमोर आहेत. आणि कळलंच नव्हतं म्हणावं, तर चोर हाती असताना त्यांनी मला तपासाला बोलावलं नसतं. निरोप तुमच्याकडं आला होता. तो तुम्ही त्यांना सांगितला नाहीत. मृत्यूची बातमी ठाऊक असूनही त्या घरात पूजा मांडावी असं कुणाच्या मनात येईल? ज्याच्या घरी दुःखात प्रार्थना वाढते, त्याच्याच. तुम्ही मला म्हणालात, दुःखात माणूस देवाकडेच धावतो. तुमच्याकडं धावत असेल. आमच्याकडं देवालाच दहा दिवस दूर ठेवतात. तीन पिढ्या आवाराच्या आत गेल्या, बाई. तुम्हाला कुणी सांगणार कुठून?"

सुई थांबली. मग वच्छलाबाईंनी शिवणाचा डबा पुढं ओढला, रिळांखालून ते काळं नाणं काढलं आणि बाकावर ठेवलं.

"मोठ्या दुष्काळात माझे आजोबा ख्रिस्ती झाले," त्या म्हणाल्या. "गाव त्यांना मरेपर्यंत ज्वारीचा ख्रिस्ती म्हणत राहिलं. शेरभर ज्वारीला बाटला, म्हणायचे. माझ्या वडिलांना म्हणाले, मलाही म्हणाले. बाजारात, पोरं माझ्यामागं ओरडत यायची. आजोबा पहाटे उठून प्रार्थना करायचे, एकही दिवस चुकला नाही, ते कुणी बघितलं नाही. आता भर हॉलमध्ये वकील सांगणार, तुमचा पहिला राजाच खोटा होता. मग आजोबांचं काय? मला ते ऐकवणार नव्हतं. म्हणून नाणं घेतलं."

"ते मला समजतं. पण मायाप्पा?"

"चोर सापडला नसता तर लोक म्हणाले असते, वादाच्या भीतीनं पाळकांनीच नाणं लपवलं. आणि मायाप्पा... मला वाटलं, त्याचं काय, तो आज ना उद्या परत जाणारच."

"म्हणजे गावानं तुमच्या आजोबांना जे म्हटलं, तेच."

महिपतरावांना हे बोलताना बरं वाटलं नाही, पण बोलायला हवंच होतं. वच्छलाबाईंनी पदर तोंडाशी धरला. बाहेर मधल्या सुट्टीची घंटा व्हायला हवी होती, ती झालीच नाही. घंटा देणारा कोठीत होता.

"गाडी यायला थोडा वेळ आहे," महिपतराव उठत म्हणाले. "मी फौजदार नाही, पेन्शनर आहे. कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण कोठीची किल्ली तुमच्याच कमरेला आहे की."

त्या उठल्या. महिपतरावांनी व्हरांड्यातून त्यांना पटांगण ओलांडताना पाहिलं. कोठीचं दार उघडलं आणि अर्धवट लागलं. थोड्या वेळानं मायाप्पा बाहेर आला, तो थेट घंटेकडं गेला.

"काय म्हणाल्या?" महिपतरावांनी विचारलं.

"पाया पडाय लागल्या. म्या म्हनलं नगा."

एवढं बोलून त्यानं घंटेवर टोल हाणला.

७

नाणं मिळालं, असं पाळकांनी पाद्रीसाहेबांना सांगितलं; कुणाकडं मिळालं ते मायाप्पाच्या विनंतीवरून सांगितलं नाही. त्यामुळं मंडळीतले अर्धे लोक अजूनही मायाप्पाकडं वाकड्या नजरेनं बघत होते. वादसभा झाली. वकिलांनी नाणं हातोहात फिरवलं आणि तासभर तोफ डागली. पाळक म्हणाले, राजाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही आणि वकीलसाहेबांनाही नाही. त्याला मरतानाच का होईना पाणी घ्यावंसं वाटलं, एवढं मात्र खरं. सभा कोण जिंकलं यावर सोलापुरात अजून दोन तट आहेत.

सुतकाची गोष्ट मायाप्पानं स्वतःच पाळकांना सांगितली आणि दहावा होईपर्यंत थांबायची परवानगी मागितली. पाळकांनी मंडळीचा विरोध अंगावर घेऊन ती दिली. पुढच्या रविवारी चर्च भरलं. महिपतराव मागच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसले. मायाक्का आत आली नाही. दारात डोक्यावरचा पदर धरून उभी राहिली.

त्या मंडळीचा एक रिवाज होता. पाणी देण्याआधी पाळक विचारत, या माणसाच्या मनाची ग्वाही कोण देतं? मंडळीतल्या कुणी उभं राहून ग्वाही दिल्याशिवाय बाप्तिस्मा होत नसे. ज्याला पाणी घ्यायचं तो आपला साक्षीदार सुचवी.

"कोणाचं नाव सांगतोस?" पाळकांनी विचारलं.

मायाप्पा गुडघ्यावर होता. त्यानं मान वळवली नाही.

"वच्छलाबाईंचं."

पाळकांचा चेहरा पडला. त्यांना ते आधी सांगितलेलं नव्हतं. महिपतरावांनी बाकाची कड घट्ट धरली. हा माणूस माफी देतोय की हिशोब चुकता करतोय? इतकी वर्षं माणसं पारखण्यात घालवली, पण या घटकेला त्यांना काही सांगता येईना. बाई बसून राहिल्या तर मायाप्पाचा बाप्तिस्मा राहणार होता.

दुसऱ्या रांगेत वच्छलाबाई सावकाश उभ्या राहिल्या. एका हातानं त्यांनी समोरच्या बाकाचा आधार घेतला होता.

"याच्या मनाची ग्वाही मी देते," त्या म्हणाल्या. "पण माझी ग्वाही घ्यायची की नाही ते मंडळीनं ठरवावं. त्यासाठी मला आधी एक सांगायचंय. नाणं मी चोरलं होतं. आणि याच्या घरात दिवा मीच लावला होता."

चर्चमध्ये एकच कुजबुज उठली, कुणीतरी "बाई, खाली बसा" म्हणालं. त्या बसल्या नाहीत. त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगायला घेतलं. आजोबांचं, ज्वारीचं, रिळांच्या डब्याचं. मायाप्पा गुडघ्यावर तसाच थांबला होता, आणि त्यांचं सांगून होईपर्यंत पाळकांनी पाण्याला हात लावला नाही.